परतवलेला कडू घास

तो गुन्हा अजून डोक्यातून जात नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. नव्वदच्या दशकात मी इंदापूर तालुक्यात फौजदार होतो. उसाचा हंगाम चालू होता. कळंबच्या रस्त्यावर मेंढरं हाकत निघालेल्या एका माणसाला वाहनानं उडवलं आणि ते न थांबता निघून गेलं. बारामतीच्या दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. आम्ही 'अज्ञात वाहन' म्हणून गुन्हा दाखल केला.

आठवडाभरात गावातला एक वडाप जीपवाला, म्हणजे जीपमधून प्रवासी वाहणारा, स्वतःहून ठाण्यात हजर झाला. "साहेब, चूक माजी हाय. लिहून घ्या." पश्चात्ताप झालेले आरोपी मी पाहिलेत, पण विम्याचे कागद खिशात घालून आलेला हा पहिलाच. मयताच्या बायकोनंही जबाब दिला, जीपच होती. ठाणे अंमलदार खूश झाला. मला ते पचेना.

मग एक फोन आला. "जीप तितं नव्हतीच साहेब. ट्रॅक्टर बघा." नाव विचारेपर्यंत फोन बंद.

जीपवाल्याला समोर बसवलं. धडक कुठं बसली, मेंढरं कुठल्या बाजूला होती, ब्रेक कधी मारला, सगळं त्यानं पाढे म्हटल्यासारखं सांगितलं. मी तो विषयच सोडला. चहा मागवला आणि सहज विचारलं, "मयताच्या घरी तरी गेला होतास का?"

"गेलो की. भावकीच हाय आमची. कडू घास घेऊन गेलो."

मरण झालेल्या घरात चूल पेटत नाही. भावकीतली घरं भाकरी-कालवण नेतात आणि घरच्यांना आग्रहानं चार घास खायला लावतात. तो कडू घास.

"खाल्ला त्यांनी?"

"मंग? म्हातारीनं माज्या हातनं खाल्ला. परतवला त्यो दुसऱ्याचा..."

आणि त्यानं जीभ चावली. पोटच्या पोराला मारणाऱ्याच्या हातचा घास कुठली आई खाईल? कुणीतरी त्याच्याकडून सगळं घोकून घेतलं होतं, एवढंच तेवढं राहिलं होतं.

मी मयताच्या आईकडं गेलो. तिनं आडपडदा ठेवला नाही. "ट्रॅक्टर माज्या पुतण्याचा. त्याची भाकरीची पाटी म्या उंबऱ्यातनंच माघारी धाडली. समद्या गावाला ठावं हाय."

सून रडत खाली बसली. दवाखान्यात शवविच्छेदन चालू असताना एका वकिलाचा माणूस तिच्याजवळ आला होता. म्हणाला, ट्रॅक्टरला विमा न्हाय, तुला काय मिळायचं न्हाय. विमा असलेली जीप दाखवू, जीपवाल्याला वाटा देऊ, पोरं शिकतील. वकीलपत्रावर तिचा अंगठा घेतला तेव्हा नवरा अजून आत टेबलावर होता. आम्ही तिचा जबाब घ्यायच्या आधीच तो तिच्यापर्यंत पोचला होता.

वकिलाकडं गेलो तर त्यानं अगत्यानं चहा पाजला. "अशील सांगतं ते आम्ही मांडतो, साहेब. अंगठा बाईंचाच आहे ना?" त्याचा माणूस फरार झाला, तो सापडलाच नाही. दोषारोपपत्रात ट्रॅक्टरवाला आला, जीपवाला आला आणि खोट्या जबाबाबद्दल ती बाईही आली. वकील नामानिराळा राहिला. कायद्यानं मला याहून जास्त काही करता येत नव्हतं, पण आजही त्या चहाची चीड येते.

विमा नसला तरी खुद्द मालकाकडून भरपाई मागता येते, हे मी सुनेला सांगितलं. तिनं मलाच विचारलं, "हे तवा का न्हाय सांगितलं कुनी?"

तिनं दुसरा वकील करून पुतण्यावर दावा लावला. त्याच्या वकिलानं कोर्टात तिचाच जुना जबाब वाचून दाखवला, की मला जीपनं विधवा केलं. तो वकील त्याच पहिल्या वकिलाच्या ऑफिसातला होता. दावा फेटाळला गेला.

या गुन्ह्यानं मला एक शिकवलं. अपघातानंतर माणसानं वकील जरूर करावा, पण स्वतः उठून, चौकशी करून करावा. रडत असताना शेजारी येऊन बसतो तो वकील आपला नसतो.

दोन-तीन हंगामांनंतर त्या रस्त्यानं गेलो. सून पुतण्याच्याच शेतात ऊस खुरपत होती. म्हातारी बांधावर नातवंडांना घेऊन जेवत होती. भाकरी मालकाच्या घरची. मला पाहून तिनं घास लपवला नाही.

"खाते, साहेब," ती म्हणाली. "आता कुठं परतवू?"