मालकाला विचारून लिहिलेलं गाव

"ऊठ. तुमच्याच लोकांबद्दल आहे. मोठ्याने वाच."

सरांनी एक जाडजूड जुनं पुस्तक माझ्या हातात कोंबलं. वसईतलं कॉलेज, एफ.वाय.चा वर्ग. मी वाचलं, "खाडीकाठचे लोक आळशी. अमावास्या-पौर्णिमेला दारू पिऊन पडतात, मिठागरावर फिरकत नाहीत."

वर्ग खिदळला. मागून एकजण ओरडला, "काय गं, आज पौर्णिमा नाही ना?"

मीही हसले. दात दाखवून! नाटक मला लहानपणापासून जमतं.

तो तास सर आणि लायब्ररीच्या मॅडम मिळून घेत होते. माहिती कशी शोधायची, कशी पारखायची. कॉलेजात नुकतंच इंटरनेट आलं होतं ना! मॅडमनी फळ्यावर लिहिलं होतं: हे कोणी लिहिलं? कोणाला विचारून लिहिलं? त्यात कोणाचा फायदा?

मला पहिल्यापासून संशय. एरवी लायब्ररीच्या जाळीच्या आत पाऊल टाकू देत नाहीत, चिठ्ठी देऊन पुस्तक मागायचं. आज एकाएकी पुस्तक थेट हातात, एवढी माया? काहीतरी गडबड आहे.

"पुढे वाच."

पुढे, ऐका गंमत, लेखकाने मोठ्या ऐटीत लिहिलं होतं: ही माहिती मिठागराच्या मालकांनी आपल्या बंगल्यावर बसून दिली.

माझं हसू गेलं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं. खाडी फुगते. बांध फुटला की भातशेतीत खारं पाणी, शेत गेलंच. म्हणून त्या दिवशी घरटी एक माणूस बांधावर. माझी आई कमरेइतक्या पाण्यात उभी राहून चिखल थापायची. मालकाला दिसलं काय? रिकामं मिठागर.

"सर, यांनी आम्हाला का नाही विचारलं?"

"छापलेलं आहे ते. तू वाच."

"मग फळ्यावरचे प्रश्न कशासाठी?"

"ते इंटरनेटसाठी!"

मी मॅडमकडे पाहिलं. प्रश्न त्यांचे होते. त्यांनी डस्टर उचललं आणि फळा पुसायला लागल्या.

मी पुस्तक मिटलं. "नाही वाचणार."

"मग लायब्ररीचं कार्ड इथे ठेव."

ठेवलं.

आता मीच शिकवते. पोरं पुस्तकाची, पेपरची, वेबसाइटची उलटतपासणी घेतात. मी सांगते, आधी माझी घ्या. शिकवणाऱ्याला सोडायचं नाही, गोड बोलणाऱ्याला तर अजिबात नाही. आणि ज्याला आमच्याबद्दल लिहायचंय त्याने चिखलात उतरावं, माझ्या आईला विचारावं. बंगल्यावर बसून लिहिलेलं एकही वाक्य माझ्या तोंडून कोणी वदवून घेणार नाही.