सोजराचं गोणपाट

सोजराला मी मेणबत्त्यांच्या वर्गात बसवलं, ही चूक माझीच. २००३ सालच्या जानेवारीत कळमनुरीत अपंग मुला-मुलींसाठी शेती आणि धंद्याचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण सुरू झालं होतं आणि मी तिथला शिक्षक होतो. पाय अधू असेल त्याला शेळ्या, ऐकू येत नाही त्याला रोपवाटिका, आंधळ्यांना मेणबत्त्या, अशी वाटणी कागदावर करून मी मोकळा झालो होतो.

सोजरा साखरा गावाच्या पलीकडच्या तांड्यावरची. चार वर्षांची असताना गोवरात तिचे डोळे गेले. तिसऱ्याच दिवशी ती काठी टेकत माझ्या बियाण्याच्या वर्गात येऊन बसली.

"सर, मेणबत्तीचं मला काय कौतुक? पेटली काय अन् इझली काय, मला सारखंच. माझ्या बाची बारा एकर जमीन हाय. मला बियाणं शिकवा."

मी तिला बस म्हणालो.

त्या आठवड्यात सोयाबीनची उगवण तपासायला शिकवत होतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि सातव्या दिवशी कोंब मोजायचे. सत्तरच्या वर भरले तर बियाणं पेरण्याजोगं. डोळस पोरांनी नुसते फुगलेले, कुजके दाणेही कोंबात धरले. सोजराची बोटं फसली नाहीत. तिने माझाही आकडा खोडला, आणि बरोबर तीच होती.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपला धंदा सांगायचा होता. ती म्हणाली, "मी तांड्यावर बियाणं तपासणार. एका तपासणीला एक शेर सोयाबीन." वर्ग हसला. मीही हसलो, लपवण्यात अर्थ नाही.

तांड्यावर तिच्याकडे कुणी फिरकलं नाही. मग तिने घरच्याच बियाण्यापासून सुरुवात केली. तिचे वडील रतनसिंग यांचं सोयाबीन म्हणजे तांड्याची शान. त्या वर्षी सात घरं त्यांच्याकडून बियाणं नेणार होती. पण वैशाखात थोरल्या भावाचं, मोहनसिंगचं लग्न झालं होतं. पाहुण्याला धान्याच्या पोत्यावर बसवणं हा त्या घरचा मान. घर भरलेलं आहे हे न बोलता सांगता येतं. चार दिवस अख्खं वऱ्हाड बियाण्याच्या पोत्यांवर बसलं, लेकरांनी उड्या मारल्या. ज्वारी हे सगळं सोसते. सोयाबीनचं टरफल नाजूक, दाबानं आतला कोंबच मोडतो. तांड्याला सोयाबीन पेरून वर्षंच किती झाली होती!

शंभर दाण्यांत कोंब अडतीसच निघाले. तिने पुन्हा गोणपाट भिजवलं, तेव्हा एकेचाळीस. मृग तोंडावर आला होता, आणि तिने मला साक्षीला बोलावलं.

मी पोचलो तेव्हा तांड्याचे नाईक उत्तमसिंग आणि बियाणं न्यायला आलेली माणसं अंगणात बसली होती. आत बापलेकीचं गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, भांडण चाललं होतं, ते मला पाहून मराठीत आलं.

"सर, सांगा हिला! चार लोकांत माझ्या बियाण्याला खोटं म्हणती. काहून माझी आब्रू घालवून राहिली गं? ह्या बारीला मुकी राहा."

"मी आंधळी हाय, बा," सोजरा म्हणाली, "मुकी न्हाई."

मला भीती वाटली, ही पोरगी आज धंद्यासोबत बापही गमावून बसते की काय! ती मात्र बाहेर गेली आणि नाईकांसमोर तिने गोणपाट उलगडलं.

"नाईक, लग्नात वऱ्हाड पोत्यांवर बसलं, तितंच कोंब मोडले. माझं खरं मानू नका. तुमीच मोजा."

उत्तमसिंगांनी उकिडवं बसून मोजलं, मग पुन्हा मोजलं. "एकेचाळीसच हायती," ते म्हणाले. "रतनसिंग, हे पेरलं असतं तर सात घरांची रानं उघडी पडली असती की रं!"

रतनसिंग तांड्याबाहेर निघून गेले. सोजरा गोणपाट धुवायला बसली.

त्या दिवशी मी नाईकांकडेच मुक्काम केला. सकाळी सोजराचा निरोप घ्यायला गेलो तर दारात माणसं उभी, प्रत्येकाच्या हातात कुठल्या ना कुठल्या गावच्या बियाण्याची पुरचुंडी. सगळ्यात पुढे रतनसिंग. धोतराच्या सोग्यात त्यांनी रातोरात साखऱ्याहून आणलेलं मूठभर सोयाबीन बांधलं होतं, आणि दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेला शेर.

"हा नमुना. अन् हे तुझं शेरभर."

"बा, तुझ्याकडून कसं घेऊ?"

"लोकाकडून घेणार, मग माझ्याकडून काहून न्हाई?"

सोजराने शेर चाचपून घेतला, पोतडीत रिता केला. "सातव्या दिवशी सांगीन. तवर कुणी पेरायचं न्हाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "बस, बा."

रतनसिंगांनी सवयीने सोजराच्या मागच्या पोत्यांकडे पाहिलं. मग धोतर सावरत ते भुईवर बसले, आणि त्यांच्यामागची सगळी माणसंही भुईवरच बसली.