ताईच्या फुग्यांची ओळ

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मार्केट यार्डात लसणाच्या भावावरून हुज्जत घालत होतो. आदल्याच रविवारी तिने सुनावलं होतं, "तुला अजून लसूण पारखता येत नाही, आणि म्हणे शाळेत शिकवायचास!" ...लसूण तिथेच राहिला.

ताई माझी थोरली बहीण. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तिने आमच्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये दर रविवारी मुलांसाठी प्रोग्रॅमिंगचा वर्ग सुरू केला. कोऱ्या पडद्यासमोर ती कुणाला बसवत नसे. तिने लिहिलेला प्रोग्रॅम घ्यायचा, वाचायचा आणि त्यात आपला बदल करायचा. मी जन्मभर कॉप्या पकडलेला मास्तर. म्हणालो, "अगं, ही उघड कॉपी झाली!"

"तुझी बायको आमटी करते, ती काय तिने शोधून काढली? आपल्या आईची बघून शिकली. मग तुझे नखरे बघून चिंच कमी केली."

तिचा लाडका प्रोग्रॅम वाढदिवसाचा. नाव, फोटो आणि खालून वर जाणारे फुगे. एका पठ्ठ्याने फुग्यांच्या जागी हडपसरला यायला नकार देणाऱ्या रिक्षा उडवल्या होत्या! ताईचा दंडक एवढाच, की नको असलेली ओळ पुसायची नाही. तिच्यापुढे खूण टाकून ती बंद ठेवायची, म्हणजे कॉम्प्युटर ती सोडून पुढे जातो. कधी लागेल सांगता येत नाही.

ताईच्या मागे वर्ग बंद करण्याची भाषा सुरू झाली. "पोरं नुसती नक्कल करतात. ताईंशिवाय त्यांना काय येणार?" असं विहार समितीच्या अध्यक्षांचं म्हणणं. त्यातच ताईच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम आला. मुलांनी पडद्यावर ताईचा फोटो लावला. सगळे उभे राहिले, शांतता पसरली... आणि खालून लाल-पिवळे फुगे वर यायला लागले. प्रोग्रॅम वाढदिवसाचाच, फक्त नाव-फोटो बदललेला! मागे कुणाच्या तरी लहानग्याने टाळ्याही पिटल्या. अध्यक्षांनी माझ्याकडे 'सांगत होतो ना?' असं पाहिलं. मला हसू आवरेना, आणि रडूही.

आठवीतली ऋतुजा पुढे झाली. सगळ्यांदेखत तिने प्रोग्रॅम उघडला आणि एकेक ओळ मोठ्याने वाचत गेली. "हे नाव... हा फोटो... हां, हे फुगे." तिने ती ओळ बंद केली. फुगे थांबले.

अध्यक्ष वरमले. "मग पुसूनच टाक की, बाळ."

"नको काका. ताईंच्या वाढदिवसाला लागेल."

वर्ग चालू आहे. रविवारी हॉलची किल्ली मी नेतो आणि मागच्या बाकावर बसतो. पुढच्या महिन्यात ताईचा वाढदिवस आहे. ती ओळ मी सुरू करणार आहे. तेवढं मला आता येतं.