वासंतीताईंची सात मिनिटं

वासंती दिघे यांना भोपाळच्या मराठी घरांत लहानथोर सगळे ताईच म्हणत. छप्पन्न साली राज्यं बदलली, तेव्हा वडिलांच्या कचेरीबरोबर त्या नागपूरहून इथे आल्या. तेव्हा त्या चार वर्षांच्या होत्या. टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढल्या, हिंदी शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. वक्तृत्व स्पर्धांसाठी मुलांना तयार करण्यात त्यांचा खरा जीव. मीही त्यांच्याच हाताखालचा. "अरविंद, आभारांनी सुरुवात केलीस तर खाली बसवीन," असं म्हणायच्या.

आमच्या मराठी मंडळाचं ग्रंथालय त्या एकोणीस वर्षं सांभाळत होत्या. दोन वर्षांपूर्वी कार्यकारिणीनं ग्रंथालयाचा हॉल एका कोचिंग क्लासला भाड्यानं द्यायचं ठरवलं. इमारतीचा स्लॅब गळत होता, भाडं आल्याशिवाय दुरुस्ती होणार नव्हती. मी मंडळाचा सचिव. ठरावाचा मसुदा माझाच. सर्वसाधारण सभेत ताईंना बोलायला सात मिनिटं मिळतील, हे सांगायलाही मीच गेलो.

"सात पुरेत," त्या म्हणाल्या. "एकदा ऐकून घेशील ना?"

नाही कसं म्हणणार?

पहिला खर्डा अकरा पानांचा होता. त्यांनी वाचायला घेतला आणि चौथ्या पानावर माझी नजर खिडकीबाहेर गेली. ताईंनी ते पाहिलं. "इथे तू सुटलास," एवढंच म्हणाल्या आणि पेन्सिलीनं ते अख्खं पान खोडलं. पुढच्या आठवड्यात संस्थापकांची नावं गेली, पुस्तकांचे आकडे गेले. 'भाषेचा ऱ्हास' त्यांनी आपणहून उडवला. "याला लोक मान डोलावतात रे, ऐकत नाहीत." तिसऱ्या आठवड्यात दीड पान उरलं. त्यात एक बाई होती आणि एक मागणी.

सभा रविवारी सकाळी होती. साठेक माणसं आली होती, बरीचशी नंतरच्या जेवणासाठी. ताई उभ्या राहिल्या. हातात कागद नव्हता. खुर्च्यांची कुरकुर थांबेपर्यंत गप्प राहिल्या.

"काल आपल्या ग्रंथालयात दोन माणसं आली. त्यांतली एक मी."

लोक हसले. ताई हसल्या नाहीत.

"दुसऱ्या कमलबाई. वय त्र्याऐंशी. नवरा गेल्यावर मुलानं त्यांना वर्ध्याहून इकडे आणलं. घरचे सगळे प्रेमळ आहेत, पण घरात हिंदीच चालते. बाई आपल्याकडे येतात, पुस्तक उघडतात आणि मोठ्यानं वाचतात. मी विचारलं, मोठ्यानं का? तर म्हणाल्या, कानावर पडावं म्हणून."

मोबाइल खाली गेले. मागच्या रांगेत एकजण चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबला होता. शेवटी ताईंनी मागची छोटी खोली मागितली, आठवड्यातून दोन संध्याकाळी. बाकी काही नाही. सात मिनिटांच्या आत खाली बसल्या.

टाळ्या थांबेनात. अध्यक्ष हेमंत मुजुमदारांनी चष्मा काढून पुसला. "वासंतीताईंनी आज सगळ्यांना रडवलं," ते म्हणाले. "छोटी खोली क्लासवाल्यांना ऑफिससाठी लागणार आहे, नाहीतर आपण नक्की विचार केला असता. आता ठरावाकडे वळू या."

हात वर झाले. विरोधात तीन: ताई आणि दोन म्हातारे. माझा हात बाजूनं होता. ताईंनी तो पाहिला. मग हात मोजणाऱ्याला अडचण नको म्हणून त्या खुर्ची सरकवून कडेला झाल्या.

जेवणाच्या रांगेत मुजुमदारांचा शार्दूल त्यांच्यापाशी आला. "ताई, एकदम जबरदस्त! मी पूरा रेकॉर्ड केलंय." तो व्हिडिओ इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर, सगळ्या ग्रुपांवर फिरला. हात जोडलेली चित्रं आली, रडणारे चेहरे आले. एका महिला मंडळानं ताईंना फोन केला, आमच्या स्नेहसंमेलनात हेच भाषण कराल का?

पुस्तकं खोक्यांत भरून तळघरात ठेवली. पावसाळ्यात त्यांना वाळवी लागली. कमलबाई दोनदा येऊन वॉचमनला भेटून परत गेल्या, असं कळलं. नंतर आल्या नाहीत.

दिवाळीत मी ताईंकडे गेलो. त्यांनी चहा ठेवला आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "अरविंद, खरं सांग. भाषणात कमी कुठे पडलं?"

"कुठेच नाही, ताई. एक माणूस जागचा हलला नाही."

"काही कमी पडलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "मी दुरुस्त केलं असतं."

तेवढ्यात बेल वाजली. पूजा नावाची शेजारची मुलगी आईबरोबर आली होती. शाळेत भाषण स्पर्धा होती. ताईंनी तिच्या गालाला हात लावला. "मला आता येत नाही गं ते," म्हणाल्या. आई आग्रह करत राहिली, ताई मान हलवत राहिल्या. दोघी जिना उतरून गेल्या.

फेब्रुवारीत ताई इंदूरला भाच्याकडे कायमच्या राहायला गेल्या. मी त्यांना हबीबगंज स्टेशनवर सोडायला गेलो. ठरावाबद्दल माफी मागायची, असं ठरवून गेलो होतो. गाडी येईपर्यंत आम्ही डबा कुठे लागेल याबद्दलच बोललो. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या, आणि पलीकडच्या बाईनं काहीतरी विचारलं तेव्हा तिच्याशी हिंदीत बोलू लागल्या. गाडी हलली तरी त्यांचं बोलणं चालूच होतं.