घाटातली बाई आणि सेतुमामा

पापनाशमला बहिणीकडे जेवायला बसले होते. पानात दुसरा भात पडला, त्यावर रसम, आणि तेवढ्यात फोन वाजला. आमच्या शेजारची पंकजम. "टीचर, रायर गेले. दहाची कॉफी घेतली, खुर्चीत टेकले, मग हाक मारली तर ओ नाही..." आमच्या तंजावरात मराठी माणसाला तमिळ लोक रायर म्हणतात. हे रायर म्हणजे माझे सेतुमामा, आईचे चुलतभाऊ, आमच्याच गल्लीत तीन घरं सोडून राहणारे. वय ब्याऐंशी. तेव्हा अचानक गेले असं म्हणायचीही सोय नाही. मी फोन ठेवला आणि पानातला सगळा भात जेवले. बहीण बघतच राहिली. परतीच्या बसमध्ये मात्र इतकी रडले की कंडक्टरने काही न विचारता तंजावरचं तिकीट हातात ठेवलं.

त्याला आता दीड महिना होईल. मी गणिताची मास्तरीण, लिहिण्याचा सराव नाही. शाळेत हिंदी घेतलं म्हणून देवनागरी येते, आमच्यातल्या पुष्कळांना तीही येत नाही. तुम्हा पुण्याकडच्यांना माझी मराठी कुठे अडखळली तर सोडून द्या. पण लिहायला हवं, कारण मामांच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आणि ती कबूल करायला मी दोन वर्षं लावली... तोवर कबूल करायची ज्यांच्यापाशी तेच उठून गेले.

मामा तीस वर्षं नीलगिरीत चहाच्या मळ्यावर कारकून होते. मळ्याच्या म्हाताऱ्या इंग्रज मडम देश सोडून निघाल्या तेव्हा रेकॉर्ड वाजवायचं यंत्र आणि ऑपेराच्या रेकॉर्डींनी भरलेली एक पेटी मामांना देऊन गेल्या. ऑपेरा म्हणजे आपल्याकडचं संगीत नाटकच म्हणा, फक्त त्यात बोलणं जवळजवळ नाहीच. भांडायचं तेही गाऊन. प्रत्येक रेकॉर्डीबरोबर शब्दांची आणि कथेची एक पुस्तिका असते म्हणे. त्या सगळ्या वाळवीने खाल्ल्या होत्या. उरले नुसते आवाज. निवृत्त झाल्यावर मामा ती पेटी घेऊन तंजावरला आले आणि काय डोक्यात घेतलं तर गावाला ऑपेरा ऐकवायचा! जिथे फुलवालीसुद्धा गवयाचा सूर हलला तर मान फिरवते, त्या गावाला.

दर रविवारी चार वाजता मामांच्या पुढच्या खोलीत बैठक. पहिल्या रविवारी एका बाईने जो वरचा सूर लावला, त्यासरशी पंकजम कॉफीचा पेला घेऊन उठलीच. "अय्यो, हिला विंचू चावला काय?" तिरुवैयारूहून मोपेडवर कल्याणम आले होते, जन्मभर देवळात नागस्वरम वाजवलेले, आता छातीत दम नाही म्हणून घरी बसलेले. त्यांचा राग वेगळा. आमच्याकडे गाणं सुरू झालं की हात आपोआप मांडीवर ताल धरतो, तसा सगळ्यांनी धरला होता आणि चौथ्या आवर्तनात सगळ्यांचाच चुकला. कल्याणम कडाडले, "ही ताल सोडते!" मामा शांतपणे म्हणाले, "सोडत नाही. तिला रडू येते आहे, म्हणून थांबली. वाजवणारे पन्नास जण आहेत, तेही तिच्यासाठी थांबलेत. आपणही थांबावे." आणि त्यांनी नियमच केला, हात मांडीखाली ठेवून बसायचं! तेव्हापासून दर रविवारी दहा-बारा प्रतिष्ठित माणसं स्वतःच्या हातांवर बसून ऑपेरा ऐकत असत. मला हसू आवरायचं नाही.

मामांचे आजोबा कीर्तनकार होते आणि तेच मामांच्या अंगात होतं. रेकॉर्ड लावायची, दोन ओळी झाल्या की सुई उचलायची, अर्ध्या मराठीत, अर्ध्या तमिळमध्ये कथा सांगायची, पुन्हा सुई ठेवायची. जाड आवाज आला की समजायचं बाप नाहीतर राजा. दोन बायका एकदम गायला लागल्या की एकीचं मन मोडणार. वर्षभरात पंकजम नुसत्या आवाजावरून सांगायला लागली, "हा गडी लबाड आहे, बघा तुम्ही!" आणि तो लबाडच निघायचा. कल्याणमांनी तर एकदा एक सुरावट नागस्वरमवर धरून पाहिली आणि खोकून खोकून बेजार झाले, पण चेहरा असा की नवा राग सापडलाय.

सगळ्यांची आवडती रेकॉर्ड एकच. तिच्यातलं एक चार मिनिटांचं गाणं मामा अर्धा तास चालवायचे. एक बाई खिडकीत उभी आहे. आजारी. नवरा डोंगरावर नोकरीला. त्याला निरोप धाडला आहे, तो निघालाही आहे, पण घाटात धुकं उतरलं आणि घोडागाडी अडकली. ती तिथूनच त्याला सांगते, ये, पण सावकाश ये, घाट वाईट आहे... इथे मामा सुई उचलायचे. मग पुढचं दर वेळी निराळं असायचं. कधी ती त्याच्यासाठी दिवा लावून ठेवायची, कधी त्याचं आवडतं काहीतरी रांधायला सांगायची. तो पोचला का, हे मामांनी कधीच सांगितलं नाही. पंकजम पदराने डोळे पुसायची, आणि कल्याणम भिंतीकडे तोंड करून बसायचे.

आता माझी चूक. चूक म्हणजे काय, मी खरं तेच बोलले! फोनवर मला एक दिवस त्या गाण्याचे शब्द सापडले, इंग्रजी अर्थासकट. रविवारी मामा घाटापर्यंत आले आणि मी उभी राहिले, वर्गात उत्तर तपासायला उभी राहावी तशी. "मामा, थांबा. ही बाई आजारी नाहीच. ही मोलकरीण आहे. मालकिणीच्या कपाटाची किल्ली हरवली, ती शोधते आहे. नवरा नाही, घाट नाही, काही नाही. गमतीचं गाणं आहे, चाल तेवढी मुद्दाम रडकी दिली आहे." आणि फोनवरून सगळं वाचून दाखवलं. कोणीतरी हसलं. मामांच्या हातात सुई तशीच होती. मग म्हणाले, "असे होय? बरे केलेस सांगितलेस, वासंते. लोकांस चुकीचे सांगू नये."

त्यानंतर त्यांनी कथा सांगितली नाही. कुठलीच. रेकॉर्ड लावायचे आणि म्हणायचे, "तू सांग गे, तुला ठाऊक आहे." मी फोनवरून वाचायचे, नावांसकट, अंकांसकट, एक अक्षर चुकीचं नाही. दोन महिन्यांत खोलीत चार माणसं उरली. मग रविवारच बंद झाला. मी रोज जात होते, भाजी नेऊन देत होते, औषधं आणत होते, पण त्याबद्दल एक शब्द नाही. खरं बोलल्याबद्दल माफी कसली मागायची, असं स्वतःला बजावत होते. मूर्ख! रुक्मिणीमामी इथे सासरी आजारी पडली, मामांना तार गेली, ते नीलगिरीहून निघाले आणि घाटात धुक्याने बस सहा तास अडली. ते घरी आले तेव्हा मामीला नेलेलं होतं. हे सगळ्या गल्लीला ठाऊक. मलाही ठाऊक. मी तेव्हा बारा वर्षांची, त्या घरातच होते. आणि तरी साठी उलटलेल्या या शहाणीला दोन आणि दोन चार जमवता आले नाहीत.

तेराव्यानंतरच्या रविवारी चार वाजता कल्याणम आले. कोणी बोलावलं नव्हतं. मी मामांच्या घरात कपडे आवरत होते. कॉफी दिली. पेला रिकामा करून म्हणाले, "टीचर, ते किल्लीचं मला आधीपासून माहीत होतं. नात चेन्नईला इंग्रजी पद्धतीचं व्हायोलिन शिकते ना, तिने सांगितलं होतं. पंकजमलाही मी सांगितलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? आम्ही रुक्मिणी अम्मांना भेटायला येत होतो. किल्ली बघायला तिरुवैयारूहून कोण येईल?"

ते गेल्यावर मी ती रेकॉर्ड लावली. आता दर रविवारी लावते. गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड वाजतं, मध्ये कोणी सुई उचलत नाही. चार मिनिटांत संपतं. मी कान देऊन ऐकते, कुठे धुकं उतरतं का पाहते... नाही उतरत. बाई किल्ली शोधते. एकदा मीच सुई उचलून सांगायला गेले, खोलीत मी एकटीच, तर घाटाशी येऊन अडले. ते पुढचं मला येतच नाही. ते त्यांचंच होतं, दर रविवारी त्यांना मामीकडून नवं कळत असल्यासारखं. मामा, ती गोष्ट खरी होती असं मी आजही म्हणणार नाही, गणिताची बाई आहे मी. पण एकदा सांगा हो परत. हातांवर बसते. मी मध्ये बोलणार नाही.