राहिलेला पाय

माझ्या काकाला घोडा नुसता शिंकला तरी कारण हवं असायचं. धंद्याने नालबंद, स्वभावाने हेकट. "जनावर उगाच बिथरत नाही," म्हणायचा. "आधी तोंड बघा, मग पाठ, मग पाय. तरी सापडलं नाही, तर मालकाला बघा." ऐकणारे हसायचे. तो मात्र हसत नसे.

भिंगरी ही बाबांच्या गाडीची घोडी. इतकी गरीब की लहानपणी मी तिच्या पोटाखालून ये-जा करायची. तीच घोडी चार दिवसांत पालटली. जुंपताना कान मागे पाडायची, उतार आला की थबकायची. पाचव्या दिवशी सकाळी त्याच उतारावर ती एकदम आडवी फिरली आणि शेजारून चालणारे बाबा गाडी अन् भिंत यांच्यामध्ये सापडले, ते जागीच गेले. मी तेव्हा सतरा वर्षांची होते.

मग काय, ज्याच्या तोंडी तेच. म्हणे घोडीला काहीतरी दिसतं. म्हणे तिच्या ठाणात बाबा खाकरल्याचा आवाज येतो. डोंबल! पण खोटं कशाला बोलू, मलाही यायचा. तिला खरारा करताना पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं, आणि वळून बघायची छाती होत नसे.

घोडी तबेल्याच्या मालकाची. त्याने सांगून टाकलं, "शनिवारपर्यंत कारण शोधा, नाहीतर मी तिला गोळी घालणार. अजून एक माणूस गमवायचा नाही मला."

काका दोन दिवस घोडीपाशी बसून होता. दात चाचपले, हिरड्या बघितल्या, मणक्यावरून अंगठा फिरवला, पट्ट्याखालची कातडी तपासली. काही नाही. शुक्रवारी दुपारी हात झटकत म्हणाला, "बिथरली खरी. इलाज नाही."

माझं डोकंच फिरलं. "काका, पाय राहिले."

"नाल मीच मारलेत तिला. दादा जायच्या पाच दिवस आधी."

"मग? तुम्ही मारले म्हणून बघायचे नाहीत?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला, की बोलले ते परत घ्यावंसं वाटलं.

मग त्याने छोटी हातोडी काढली. मी लगाम धरला. एकेका खिळ्यावर हलकेच टक् करायचं आणि घोडीच्या कानांकडे बघायचं, ही त्याची रीत. तीन पाय झाले. मागच्या डाव्या पायाच्या तिसऱ्या खिळ्यावर टक् झालं आणि भिंगरीने पाय असा हिसडला की काका मागच्या मागे पडला. उठून त्याने पकडीने खिळा उपटला. टोक ओलं होतं आणि त्याला घाण वास येत होता. खुराच्या कडेकडेने जायचा खिळा केसभर आत गेला होता, जिवंत मांसाला टेकला होता. उतारावर गाडीचा सगळा रेटा त्याच पायावर यायचा.

तिथे आम्ही दोघंच होतो. खिळा खिशात टाकला असता तर घोडी मेली असती आणि काका सुटला असता. तो सरळ आमच्या घरी आला. आईच्या हातावर खिळा ठेवून म्हणाला, "वहिनी, घोडीचा दोष नाही. माझा आहे." आई उठून आत गेली.

भिंगरी पुढे अकरा वर्षं जगली. काकाही जगला म्हणायचा. कुठल्याही घोड्याला नाल मारले की चौथ्या दिवशी हातोडी घेऊन त्याच्या दारात हजर. लोक टर उडवायचे, "आला बघा, चौथ्या दिवसवाला!"

शेवटच्या आजारात मी त्याला माझ्याकडे आणलं. त्याचं बोट खाटेच्या कडेवर दिवसभर टकटक करी. मला ऐकवेना. एकदा चिडून मी त्याचा हात धरला, तर त्याने माझ्या मनगटावर हलकेच टक् केलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"दुखतं का गं?"

इतक्या वर्षांत त्याने विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. 'नाही' अगदी ओठांवर आलं होतं.

"दुखतं, काका," मी म्हणाले. "अजून दुखतं."

त्याने मान हलवली. त्यानंतर त्याचं बोट वाजलं नाही.