एक माणूस, एक आलंबन

काहीही द्यायच्या आधी तो उजवा तळहात पुढे करायचा. शेजारणीनं विरजण मागितलं तरी आधी हात पुढे, मग लक्षात येऊन स्वतःच हसायचा. सवय लॅम्प केबिनची. आमच्या भुयारी खाणीत त्यानं सारी नोकरी कामगारांना डोक्यावरचे दिवे देण्यात काढली. कामगार पितळेचं टोकन त्याच्या तळहातावर ठेवणार, तो त्याच नंबरचा दिवा देणार आणि टोकन खिळ्याला लटकवणार. पाळी सुटली की दिवा परत, टोकन परत. खिळ्यावर टोकन उरलं तर समजायचं, कुणीतरी अजून खाली आहे. म्हणून एकाचा दिवा दुसऱ्याला चालत नसे. कुणी म्हणालं, "भाऊ, याचा उजेड मंद हाये, दुसरा दे ना," तर तो मान वर न करता म्हणायचा, "एक माणूस, एक दिवा. बदलून भेटत नाई."

मी त्याच खाणीत हजेरी बाबू. घुग्घुसच्या कॉलनीत आमची क्वार्टरं एका भिंतीला लागून होती. तुमच्याही शेजारी असा एखादा माणूस असेल, ज्याचं ऐकलं नाही तर आपलंच काहीतरी चुकलं असं वाटत राहतं.

दर रविवारी संध्याकाळी तो विहारात ध्यान शिकवायचा. तरुणपणी एका म्हाताऱ्या भन्तेजींनी त्याला शिकवलं होतं की ध्यानात मन टेकवायला एक वस्तू लागते, तिला आलंबन म्हणतात, आणि ती ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे द्यायची असते. रागीट माणसाला मैत्री भावना, म्हणजे 'सुखी राहो' असं मनात म्हणत राहणं, भरकटणाऱ्याला येताजाताचा श्वास, मोहात गुंतलेल्याला मरणाची आठवण. स्वभाव ओळखायची त्याची स्वतःची रीत होती. विहाराच्या दाराशी माणूस चपला कशा काढतो ते तो बघायचा. भिरकावणारा रागीट, जोडीनं लावून परत मागं वळून बघणारा मोही. यात हसण्यासारखं काही आहे असं त्याला कधीच वाटलं नाही.

एकदा आमच्या कॉलनीतला मोटारसायकल मेकॅनिक कुरकुरला, "भाऊ, मले श्वास देल्ला तुमी, पण कोळशाच्या धुळीनं नाक बंद हाये. नाकातून काहीच येऊन नाई राह्यलं."

"मंग जे येऊन नाई राह्यलं ते पाह्य."

"दुसरं काही द्या ना."

"बदलून भेटत नाई."

मेकॅनिक बिचारा पुढं वर्षानुवर्षं बंद नाकाकडे बघत बसला. आम्ही घरी येऊन पोट दुखेपर्यंत हसलो. तेव्हा माझी मुलगी होती. त्याची नक्कल ती फार छान करायची, तळहातासकट.

मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. एकोणिसाव्या वर्षी गेली. त्या दिवशी आमच्या अंगणात पाणी त्यानं भरलं, आल्यागेल्याला चहा त्याच्या घरून आला, आणि मला हाताला धरून जेवायला त्यानंच बसवलं. हे मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

दोन महिन्यांनी माझी बायको विहारात गेली. मीही बरोबर होतो. तिनं चपला जोडीनं लावल्या आणि मागं वळून बघितलं. तिच्या चपलांशेजारी मुलीच्या चपला असायच्या, म्हणून बघितलं. तो दारातच उभा होता.

"बाई, तुमाले मरणाचं आलंबन," तो म्हणाला. "जीवन अनिश्चित, मरण निश्चित. सकाळ-संध्याकाळ येवढंच."

बायकोनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "भाऊ, मले मैत्री द्या. पोरीसाठी बसतो मी. ती सुखी राहो म्हणतो."

"मेलेल्या माणसावर मैत्री लागत नाई, बाई. तसा नियमच हाये."

"मंग दुसरं कोणतं बी द्या. हे नोको."

"बदलून भेटत नाई," तो म्हणाला. आवाजात कठोरपणा नव्हता. केबिनच्या खिडकीतून म्हणायचा तसाच म्हणाला. नुकतंच लेकरू गेलेल्या बाईला त्यानं मरण दिलं आणि दुसरं मागितलं तर नियम सांगितला. त्या दिवसापासून तो माझ्या मनातून उतरला.

बायको मात्र बसू लागली. पहाटे एकदा, दिवेलागणीला एकदा, भिंतीकडे तोंड करून. तिचं बोलणं कमी झालं, अंग उतरलं. एके दिवशी मी ड्यूटीवरून आलो तर मुलीचं कपाट रिकामं. सगळे कपडे तिनं मुलींच्या वसतिगृहात देऊन टाकले होते. मी कपाटाचं दार लावलं आणि पलंगावर बसलो. ही बातमी त्याला कळली तेव्हा तो भिंतीपलीकडून म्हणाला, "बाबू, बाईले आलंबन लागलं बरं!" मला वाटलं, भिंत ओलांडून याच्या दोन मुस्काटात द्याव्यात. तिला मी काही विचारलं नाही. काय विचारायचं? मरणाचा विचार कसा चालू आहे म्हणून?

चार वर्षं असंच गेलं. मग त्याला दम लागू लागला. आयुष्यभर केबिनमध्ये बसला तरी तिथली धूळ काही वेगळी नव्हती. आधी सायकल सुटली, मग विहार. अंगणात खुर्ची टाकून बसायचा आणि त्याच्या छातीचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. बायको त्याला पेज पाठवायची. ती नेऊन द्यायचं काम माझं, आणि मी ती भिंतीवर ठेवून परत फिरायचो.

एका सकाळी तो आमच्या फाटकाशी आला. त्याच्या दारापासून आमचं फाटक बारा पावलांवर, पण मध्ये दोनदा थांबला.

"बाबू, बाई हाये का?"

"काय काम हाये?"

त्यानं फाटक धरलं. बोलायला वेळ लागला. "भन्तेजीनं देल्लेला श्वास पाहाले बसतो तं भेवच दिसते. आता येते का नाई, मंग येते का नाई, येवढंच पाहाव लागते. बसूच नाई वाटत. मले बदलाचं हाये बाबू."

मी फाटकाची कडी काढली नाही.

"भन्तेजी तं गेले. परवानगी कोणाले मागू? बाईले मी नाई म्हटलं होतं. तिनं मले हो म्हटलं तं मी बदलतो. तिनं नाई म्हटलं तं हेच घेऊन जातो."

मागच्या अंगणात बायको कपडे धूत होती. दगडावर कपडा आपटल्याचा आवाज स्पष्ट येत होता. त्यालाही तो ऐकू गेलाच असणार.

"घरी नाई ती," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. मंग येतो." आणि बारा पावलं परत चालत गेला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. चार वर्षांत प्रथमच पोटभर जेवलो.

तिसऱ्या दिवशी त्याला अॅम्ब्युलन्समधून चंद्रपूरला नेलं. चेहऱ्यावर मास्क होता. डोळे उघडे होते आणि प्रत्येक श्वासाबरोबर मोठे होत होते. तो परत आला नाही.

त्याच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम आटोपून आम्ही घरी चालत येत होतो. त्याचा पुतण्या भाषणात म्हणाला होता की काकानं शेवटपर्यंत आपलं आलंबन सोडलं नाही. बायको वाटेत मधेच थांबली.

"इतकं कशाले पकडून ठेवलं भाऊनं?" ती म्हणाली. "मी तं पयल्याच महिन्यात बदललं होतं."

"काय बदललं होतं?"

"मरण सोडून देल्लं होतं. पोरीची मैत्रीच कराचो मी. कपडे देल्ले ते त्याच्यातूनच देल्ले. तिच्यायेवढ्या पोरींनी घातले तं तिले पोहोचते वाटलं मले."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी कवा विचारलं?" ती म्हणाली. पदरानं डोळे पुसले आणि परत चालू लागली. "भाऊ एकदा विचाराले आले असते तं सांगतलं असतं मी, खुशाल बदला भाऊ, काही होत नाई."

मी तिच्या मागं चालत राहिलो. तो फाटकाशी आला होता हे सांगितलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

आता रविवारी विहारात ती शिकवते. ज्याला जे रुचेल ते घ्या म्हणते, नाही जमलं तर दुसरं घ्या. मेकॅनिकनं श्वास सोडून मैत्री घेतली आणि आता तो सगळ्यांच्या आधी येऊन बसतो. मी शेवटच्या रांगेत असतो. मी श्वास घेऊन पाहिला, मैत्री घेऊन पाहिली, मुलीचा चेहरासुद्धा घेऊन पाहिला. डोळे मिटले की फाटक दिसतं, फाटकाला धरून तो उभा असतो आणि मागच्या अंगणात कपडे आपटल्याचा आवाज येत असतो.

परवा वर्ग सुटल्यावर चटया गुंडाळताना तिनं विचारलं, "तुमी कोणतं आलंबन घेता हो?"

"श्वास," मी म्हणालो.